पाण्याविना बेट

बेट म्हणजे काय, असा प्रश्न वर्गात विचारला, तर तुमच्यापैकी बहुतेक जण भूगोलाच्या पुस्तकातील व्याख्या एका दमात म्हणून दाखवतील : चहूबाजूंनी पाण्याने वेढलेला जमिनीचा भाग म्हणजे बेट. उत्तर बरोबर आहे आणि त्याला पूर्ण गुणही मिळतील. परंतु आपल्या लातूर जिल्ह्यातच असे एक बेट आहे, की ज्याच्या भोवती समुद्र तर नाहीच, पण उन्हाळ्यात पाण्याचा टिपूसही आढळत नाही. चाकूर तालुक्यातील वडवळ नागनाथ या गावाजवळची टेकडी लोक पिढ्यान्‌पिढ्या 'बेट' म्हणूनच ओळखतात. नाना प्रकारच्या औषधी वनस्पतींसाठी ती प्रसिद्ध आहे आणि पावसाळ्यात त्या वनस्पतींच्या ओढीने दूरदूरची माणसे तेथे येतात. सभोवार नांगरटीच्या काळ्या जमिनीचा विस्तार आणि त्यात मध्येच उभी असलेली ही रानवनस्पतींची टेकडी. ज्यांनी तिला प्रथम बेट म्हटले, त्यांनी भूगोलाचे पुस्तक वाचले नसेल. परंतु आजूबाजूच्या सगळ्या जमिनीहून निराळे असे काही तरी येथे शिल्लक राहिले आहे, हे त्यांनी नेमके ओळखले होते. याच वडवळच्या परिसरात उगम पावणारी घरणी नदी पुढे शिरूर अनंतपाळच्या शिवारातून वाहत जाऊन मांजरेला मिळते. म्हणजे नात्याने पाहिले, तर ते बेट आपल्या नदीच्या माहेरचे आहे.

हे सारे आज लिहिण्याचे कारण म्हणजे दर उन्हाळ्यात आमच्याकडे हटकून निघणारी एक चर्चा. परीक्षा संपते, सुटी लागते आणि वडीलमंडळी एकमेकांना विचारू लागतात, "यंदा पोरांचे काय करायचे?" कोणी म्हणतो, शिकवणीला घालावे, कोणी म्हणतो, शेतात न्यावे, तेवढाच हातभार, कोणी म्हणतो, मामाच्या गावी धाडावे, म्हणजे दीड महिना घर शांत. मुलांना मात्र कोणी काही विचारत नाही. अशा वेळी उन्हाळ्यात गावानेच गावच्या मुलांसाठी निसर्गाची एक शाळा भरवावी, असे मी सुचवले, की मंडळी हसतात. "गुरुजी, ते कोकणात ठीक आहे. तिकडे समुद्र आहे, झाडी आहे. आपल्याकडे मे महिन्यात पाहायला आहे काय? ढेकळे?"

ढेकळांविषयी मला पुष्कळ सांगायचे आहे. पण आधी कोकणात काय घडले, ते सांगतो. कारण तेथेही लोक आरंभी असेच हसले असतील.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात वेंगुर्ल्यासमोर, भर समुद्रात खडकांची काही लहान बेटे आहेत. त्यांतील एका बेटावरच्या गुहेत पाकोळी जातीचे पक्षी हजारोंच्या संख्येने घरटी करतात. ही घरटी काड्यांची किंवा गवताची नसतात. हा पक्षी आपल्या लाळेने कपारीला वाटीसारखे घरटे चिकटवतो. पूर्वेकडील देशांत अशा घरट्यांचे सार करून पिण्याची आवड आहे आणि त्यासाठी तेथे मोठी किंमत मोजली जाते. साहजिकच चोरांची नजर या निर्जन बेटावर गेली. घरटी खरवडून नेली जात, अंडी आणि पिले खाली पडत. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेच्या ध्यानात ही गोष्ट २००१ च्या सुमारास आली. संस्थेने वनखात्याच्या साहाय्याने त्या बेटाच्या रक्षणाचे काम हाती घेतले.

त्याच संस्थेचे कार्यकर्ते २००२ साली समुद्रगरुडाच्या घरट्यांची पाहणी करत रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, मंडणगड तालुक्यातील वेळास या गावी पोहोचले. बाणकोटच्या खाडीजवळचे हे लहानसे गाव नाना फडणविसांचे मूळ गाव म्हणून इतिहासाला ठाऊक होते. तेथील वाळूत या मंडळींना समुद्री कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली. चौकशी करता कळले, की दर वर्षी हिवाळ्यात कासवांच्या माद्या रात्री किनाऱ्यावर येतात, वाळूत खड्डा करून अंडी घालतात आणि पहाटेपूर्वी समुद्रात परत जातात. अंड्यांची वाट मग दोनच : काही कुत्री आणि कोल्हे उकरून खात, उरलेली माणसे काढून नेत. हे कोणाला गैर वाटत नव्हते. कोंबडीची अंडी घ्यावीत, तशी ही घ्यायची.

हे कासव 'ऑलिव्ह रिडले' जातीचे असते. त्याची रीत मोठी नवलाची आहे. मादी मागच्या पायांनी वाळू उपसून सुरईच्या आकाराचा, सुमारे दीड फूट खोलीचा खड्डा करते. त्यात शंभराच्या वर अंडी घालते. वाळू लोटून खड्डा बुजवते, अंगाने दाबून सारखा करते आणि निघून जाते. पुन्हा ती त्या अंड्यांकडे येत नाही. वाळूची ऊब हीच त्यांची आई. ती ऊब जास्त असेल, तर अधिक माद्या आणि कमी असेल, तर अधिक नर जन्मतात. सुमारे पन्नास-पंचावन्न दिवसांनी तळहातावर मावतील एवढी पिले वाळू सारून वर येतात आणि कोणी न शिकवता समुद्राकडे धावू लागतात. रात्री आकाशाच्या उजेडाने पाणी चमकते, त्या उजळ बाजूला जायचे, एवढेच त्यांना उपजत ठाऊक असते. म्हणून तर किनाऱ्यावर विजेचे दिवे लावले किंवा पाहुण्यांनी हौसेने बॅटऱ्या पेटवल्या, की पिले भलत्याच दिशेला जातात. हजार पिलांमागे एखादेच मोठे होते, असे जाणकार सांगतात.

वेळासच्या गोष्टीतील मला विशेष वाटणारा भाग यानंतरचा आहे. वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ चा. त्याच्या पहिल्या अनुसूचीत हे कासव आहे. त्याच्या अंड्याला हात लावणे गुन्हा आहे. पोलीस आणून गावाला दटावता आले असते. भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरा मार्ग धरला. ज्यांना अंडी कोठे सापडतात, हे पावलांच्या खुणांवरून कळते, त्या गावकऱ्यांनाच त्यांनी रखवालीसाठी बरोबर घेतले. अशा रखवालदारांना आता 'कासवमित्र' म्हणतात. पहाटे किनारा तुडवायचा, मादीचा माग काढायचा, अंडी अलगद काढून कुंपण घातलेल्या जागेत, तेवढ्याच खोलीच्या खड्ड्यात पुन्हा पुरायची, तारीख आणि संख्या लिहून ठेवायची. जी नजर अंडी नेण्यासाठी तयार झाली होती, तीच ती राखण्याच्या कामी आली.

पुढे २००६ साली 'कासव महोत्सव' सुरू झाला. फेब्रुवारी ते एप्रिल या दिवसांत, पिले बाहेर येण्याच्या हंगामात, लांबून माणसे येऊ लागली. गावाने त्यासाठी मोठी उपाहारगृहे बांधली नाहीत. पाहुण्यांनी गावकऱ्यांच्या घरी उतरायचे, ओसरीवर झोपायचे, घरी शिजेल ते जेवायचे आणि सकाळ-संध्याकाळ वाळूवर जाऊन, आखलेल्या दोरीच्या अलीकडे उभे राहून पिलांचा समुद्राकडचा प्रवास पाहायचा. यातून चार पैसे घरोघर आले. दापोली तालुक्यातील आंजर्ले आणि किनाऱ्यावरची इतर गावे यांतही असे काम उभे राहिले. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या किनाऱ्यावर आलेल्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश धाडणारे यंत्र बसवण्यात आले आणि तिचे नाव 'प्रथमा' ठेवले गेले. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ साली खुणेची पट्टी लावलेली एक मादी तर जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना आढळली. पूर्वेच्या समुद्रातील कासव पश्चिमेच्या समुद्रात येते, हे त्या एका पट्टीवरील आकड्यामुळे समजले. कोणी तरी आकडा लिहून ठेवला होता आणि कोणी तरी तो नीट वाचला, म्हणून.

आम्ही काही शिक्षक एका वर्षी वेळासला गेलो होतो. पिले मला दिसली आणि आवडलीही; पण माझे लक्ष अधिक वेधले, ते तेथील एका शाळकरी मुलाने. शहरातून आलेल्या एका प्रौढ गृहस्थांना तो अदबीने, पण ठामपणे सांगत होता, "काका, दोरीच्या मागे उभे राहा." गृहस्थ निमूटपणे मागे सरले. आपल्या गावाविषयी आपल्याला काही ठाऊक आहे आणि ते मोठ्यांनीही ऐकण्याजोगे आहे, हा विश्वास त्या मुलाच्या बोलण्यात होता. आपल्याकडच्या किती मुलांना तो विश्वास आहे?

आता आपल्या ढेकळांकडे वळू.

मे महिन्यात आपल्या शिवारात पाहण्यासारखे काही नाही, असे म्हणणाऱ्याने टिटवीचे घरटे पाहिलेले नसते. घरटे म्हणणेही धाडसाचेच. उघड्या माळावर चार खडे सारून केलेली ती खळगी. आणि तीत बहुधा चार, खड्यांसारखीच मातकट, काळ्या ठिपक्यांची अंडी. पाऊल पडेपर्यंत दिसत नाहीत. या दिवसांत इतर प्राण्यांना अंडी उबवायची पंचाईत असते. टिटवीला ती थंड कशी ठेवावीत, याची पंचाईत. ती पाण्यावर जाते, पोटाची पिसे भिजवते आणि येऊन ओल्या पिसांनी अंड्यांवर बसते. आपल्या अंगणातल्या रांजणाला ओले फडके गुंडाळतात, तशातलाच हा प्रकार. वेळासच्या कासवाला वाळूची ऊब हवी आणि आमच्या टिटवीला गारवा हवा. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात, इतक्या सुंदर आहेत.

टिटवीवरूनच जुनी माणसे पावसाचे अनुमान करतात. तिने नदीच्या पात्रात अंडी घातली, तर पाऊस कमी. उंच जागी घातली, तर भरपूर. कावळ्याने घरटे झाडाच्या कोणत्या बाजूला आणि किती उंचीवर बांधले, यावरूनही असेच ठोकताळे आहेत. हे खरे की खोटे? शहाणी म्हणवणारी माणसे ऐकताच हसतात, भाबडी माणसे ऐकताच मान डोलावतात; तपासून मात्र कोणीच पाहत नाही. गावातील वीस मुलांनी दर उन्हाळ्यात टिटवीची खळगी कोठे सापडली आणि कावळ्याचे घरटे किती हातांवर होते, हे लिहून ठेवावे. त्यापुढे त्या वर्षी तालुक्याला झालेला पाऊस लिहावा. दहा वर्षांत जे उत्तर मिळेल, ते हसणाऱ्यांच्याही उपयोगाचे असेल आणि मान डोलावणाऱ्यांच्याही. तुमच्यापैकी कोणी आज सहावीत असेल, तर दहा वर्षांनी ते महाविद्यालयातून बाहेर पडत असेल. वही तेवढी सांभाळली पाहिजे.

दुसरी वही विहिरींची. आपला प्रदेश काळ्या पाषाणाचा आहे. या दगडाच्या पोटात पाणी भरून राहत नाही. वरच्या मुरमाड थरात आणि भेगांत जेवढे मुरेल, तेवढेच विहिरीला. म्हणून विहिरीचे खरे बोलणे मे महिन्यात ऐकू येते. पावसाळ्यात साऱ्याच विहिरी श्रीमंत असतात. वाडवडील पाणी 'परसात' मोजत : अमक्या विहिरीला दोन परस पाणी, तमकीला अर्धा. दोराला गाठी मारून आणि खाली दगड बांधून तुम्हांलाही ते मोजता येईल. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले होते. पहिली गाडी १२ एप्रिलला पोहोचली, तेव्हा तिच्या दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होते. वर्तमानपत्रांनी गाडीची छायाचित्रे छापली आणि ते योग्यच झाले. पण त्याआधीच्या चार-पाच उन्हाळ्यांत आपापल्या गावची विहीर दर वर्षी किती हात खाली गेली, हे सांगणारी वही किती गावांत होती? सरकारची भूजल यंत्रणा निवडक विहिरींची पातळी वर्षातून ठरावीक वेळा मोजते. ती मोजदाद गावातील प्रत्येक विहिरीला पुरणारी नाही आणि तशी अपेक्षाही धरू नये. आपल्या विहिरीची खबर आपल्यालाच हवी.

आणि वडवळचे ते बेट! पावसाळ्यात तेथे गर्दी होते, तेव्हा वनस्पतींची पाने पाहून ओळख पटवणे सोपे असते. उन्हाळ्यात पाने झडलेली असतात. तेव्हा खोडावरून, सालीवरून, शेंगेवरून ओळखावे लागते. ज्याला हे साधते, तो खरा जाणकार. अशी जाणकार माणसे गावोगावी अजून आहेत. कोणी मेंढरे राखणारे, कोणी घरगुती औषधे देणाऱ्या आजीबाई. त्यांच्याबरोबर दोन दिवस हिंडून नावे टिपून घ्यावीत. मात्र एक फांदीही तोडू नये. औषधी म्हटले, की मुळासकट उपटायची, ही खोड मोठ्यांना आहे, तुम्ही ती लावून घेऊ नका. समुद्रातल्या बेटावरील घरटी जशी संपू शकतात, तशी जमिनीवरील बेटावरची मुळेही संपू शकतात. आणि या बेटाभोवती चोरांना अडवायला समुद्रही नाही.

माझ्या या सूचनेला घेतले जाणारे आक्षेप मला ठाऊक आहेत. ऊन फार, हा पहिला. ते खरेच आहे. म्हणून सकाळी सहा ते साडेआठ बाहेर, दुपारी शाळेच्या ओसरीत वह्या भरणे, चित्रे काढणे, म्हाताऱ्यांच्या गोष्टी ऐकणे आणि वाटल्यास सायंकाळी पुन्हा तासभर नदीकाठी, असा क्रम ठेवावा. दुसरा आक्षेप अभ्यासाचा. लातूरचे नाव शिकवण्यांसाठी महाराष्ट्रभर झाले आहे आणि त्या परिश्रमांतून अनेक गरीब घरांतील मुले डॉक्टर झाली आहेत. त्यांना मी नावे ठेवणार नाही. परंतु अकरा-बारा वर्षांच्या मुलाला सुटीतही पुढच्या वर्षाचे पुस्तक पाठ करायला बसवणे, हे मला पटत नाही. पेरणीच्या आधी जमीन तापू द्यावी लागते, हे शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. मुलाच्या बाबतीत तोच शेतकरी ते कसा विसरतो, कोण जाणे.

तिसरा आक्षेप कोणी उघड घेत नाही, पण तो सर्वांत जड आहे. "हे सारे चांगल्या घरच्या मुलांसाठी. आमच्या पोरांना कोण बोलावणार?" मोठ्या शहरांतील निसर्गशिबिरांचे शुल्क पाहिले, तर हा प्रश्न वावगा म्हणता येत नाही. आणि म्हणूनच हे काम गावाने करावे, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. मराठवाड्यातील हजारो कुटुंबे दसरा-दिवाळी झाली, की ऊस तोडण्यासाठी दूरच्या कारखान्यांकडे जातात. बीड जिल्ह्यातून ती अधिक जातात, पण इतर जिल्ह्यांतूनही जातात. त्यांची मुले बहुधा बरोबर असतात. शाळा अर्ध्यावर सुटते. गाळपाचा हंगाम संपला, की मार्च-एप्रिलमध्ये बैलगाड्या आणि ट्रॅक्टर परत येतात. म्हणजे वर्षात उन्हाळा हाच काळ असा, की गावची सगळी मुले गावात असतात. आणि नेमका तेव्हाच शाळेला कुलूप असते!

या मुलांना मी वर्गात मागच्या बाकावर बसलेले पाहिले आहे. पाच-पाच महिने हजेरी नाही, मग गुणाकार कसा यावा? पण त्याच मुलांना उसाच्या फडातून कोणते पाखरू कोणत्या वेळी उडते, साप कोणत्या ओलाव्याला येतो, चिखलातील पंजा कुत्र्याचा की कोल्ह्याचा, हे कळते. आमच्या परीक्षेत त्याला एकही गुण नाही. विहीर मोजायला, टिटवीची खळगी शोधायला निघालेल्या टोळीत मात्र ही मुले सर्वांत पुढे असतील आणि पहिल्या बाकावरचा हुशार विद्यार्थी त्यांना विचारील, "तुला कसे दिसले रे ते?" जूनमध्ये शाळा उघडेल, तेव्हा ही मुले कोणत्या बाकावर बसतील, यावरही त्याचा परिणाम होईल, असे मला वाटते. निसर्गाच्या शाळेसाठी माझा हट्ट आहे, तो टिटवीसाठी जितका, त्याहून अधिक या मुलांसाठी आहे.

हे काम म्हणजे सहल नव्हे, हेही येथेच सांगितले पाहिजे. मोटार करून जायचे, डबे खायचे, घोषणा द्यायच्या आणि परत यायचे, यातून पायांना व्यायाम होतो, इतकेच. भर मेच्या उन्हात रोपे लावून छायाचित्रे काढून घेण्याचा समारंभही मी पाहिला आहे. जूनपर्यंत त्या रोपांचे काय झाले, ते छायाचित्रात दिसत नाही. वेळासला जे जमले, ते रोज पहाटे एकाच वाळूवर जाण्याने जमले. आपल्यालाही रोज त्याच विहिरीकडे आणि त्याच माळाकडे गेले पाहिजे.

खर्च फारसा नाही. दोन जाड वह्या, दोर, मोजपट्टी आणि पिण्याच्या पाण्याची घागर. शिकवायला एखादा निवृत्त शिक्षक, एखादा मेंढपाळ आणि एक आजीबाई. १ मे हा महाराष्ट्रदिन. अनेक शाळांत त्याच दिवशी निकाल लागतो आणि खेड्यांतून ग्रामसभाही भरते. तुम्ही निकालपत्रक घेऊन घरी जाता, तेव्हा तुमचे वडील आणि आई बहुधा ग्रामसभेच्या वाटेवर असतात. हा विषय तेथे मांडायला त्यांना सांगा. ठराव झाला, तर पहिली नोंद दुसऱ्याच दिवशी, २ मे रोजी, सकाळी सहा वाजता घेता येईल. मात्र विहीर कठडा असलेलीच निवडावी, आणि दोर मोठ्या माणसाने धरावा. गाठी मोजून आकडा वहीत लिहिण्याचे काम तुमचे.